कलम सात (ख) चा जनक

३ मार्च, सोमवार
नवी वही सुरू. जुनीत तक्रारी फार झाल्या होत्या. या वहीत फक्त विचार लिहायचे.

मुख्य सल्लागाराची खुर्ची दोन वर्षं रिकामी आहे. त्यामुळे दर सोमवारी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो. आज अकरा वाजता संचालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी कॉलर सारखी केली. संचालक म्हणाले, गेल्या वर्षी फेरीबोट वाळूत रुतून कलंडली तेव्हा माणसं थोडक्यात वाचली, म्हणून प्रवासी बोटींचे सुरक्षा-नियम नव्याने लिहायचे आहेत आणि त्यासाठी एक वर्षाच्या करारावर विशेष सल्लागार नेमला आहे. मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात दार उघडून एक बाई आत आल्या. बावीस वर्षं समुद्रावर, त्यातली नऊ कॅप्टन म्हणून. मी उभाच होतो, म्हणून त्यांना वाटलं स्वागताला उठलोय. हस्तांदोलन असं केलं की माझी अंगठी बोटात रुतली.

सागरी सुरक्षेवर मी एकोणीस वर्षं सरकारला सल्ला देतो आहे, तोही एकदाही बोटीत पाय न ठेवता. सल्लागार तटस्थ असावा लागतो. मी तर शब्दशः तटस्थ.

संकल्प: मोठ्या मनाने वागायचं.

४ मार्च, मंगळवार
बाईंना खिडकीजवळचं टेबल मिळालं. त्या टेबलासाठी माझे चार अर्ज पडून आहेत. संचालक म्हणाले, कॅप्टनला उजेड लागतो. आणि मला? मी काय वटवाघूळ आहे?

शिपाई त्यांना दारातच 'कॅप्टन' म्हणून सलाम ठोकतो. मला एकोणीस वर्षं 'अहो' म्हणतो.

मोठं मन चालू आहे. कठीण आहे.

६ मार्च, गुरुवार
बाईंचा ड्राफ्ट आला. चार पानं! माझा मसुदा एकशे बेचाळीस पानांचा, वर अकरा परिशिष्टं. संचालक तो तीन वर्षं वाचताहेत. बाईंचा त्यांनी चहा निवायच्या आत संपवला आणि 'वा' म्हणाले. अर्थात चार पानं संपणारच. संपणं हा काही गुण नव्हे.

पहिल्याच ओळीत लिहिलंय: लाइफ जॅकेटं प्रत्येक आसनाखाली, उघड्या कप्प्यात ठेवावीत. उघड्या! म्हणजे सरळ माझ्या कलमावर घाला. कलम सात (ख): 'जीवरक्षक जॅकेटे चोरी, धूळ व अनधिकृत हाताळणी यांपासून सुरक्षित राहतील अशा रीतीने कुलूपबंद कपाटात ठेवावीत.' हे वाक्य सोळा वर्षांपूर्वी माझ्या हातून उतरलं. 'अनधिकृत हाताळणी' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहिले की अजून अंगावर काटा येतो. या कलमामुळे सोळा वर्षांत एकही जॅकेट चोरीला गेलं नाही. कॅप्टनबाईंनी बावीस वर्षांत असं काय वाचवलंय?

(शिपायाकडून कळलं, एकदा एकतीस माणसं. पण ते वेगळं.)

९ मार्च, रविवार
बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही त्या बाईंना पाण्यात पाहता. मी म्हणालो, बाईंचा उभा जन्म पाण्यात गेला, मी त्यांना दुसरीकडे कुठे पाहू? माझं हे उत्तर तिला आवडेल असं वाटलं होतं. ती कपडे वाळत घालायला गेली.

मुलगी आठवीत आहे. कॅप्टन आमच्या शाळेत बोलायला येतील का, असं विचारत होती. मी म्हणालो, मीही सागरी सुरक्षेतलाच आहे, मी येतो की. ती म्हणाली, बाबा, तुम्ही गेल्या वर्षी आला होतात. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

११ मार्च, मंगळवार
आज एक सुरेख पत्र लिहिलं, कायदा शाखेला. विषय: 'आसन' या शब्दाची व्याख्या. बाक हे आसन धरावे काय? धरल्यास एका बाकात किती आसने मानावीत? प्रवासी उभा असल्यास 'आसनाखाली' म्हणजे नेमके कशाखाली? कायदा शाखेचं मत येईपर्यंत ड्राफ्ट पुढे सरकत नाही, असा नियम आहे. म्हणजे निदान तीन आठवडे.

यात मत्सर अजिबात नाही. मी अचूकतेचा भोक्ता आहे.

१३ मार्च, गुरुवार
बाई स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, तुमचं पत्र वाचलं, उभ्या प्रवाशांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आभार. आणि ड्राफ्टमध्ये एक ओळ घातलीसुद्धा. माणसाने मांडलेल्या अडथळ्याबद्दल त्याचे आभार मानणं याला मी सभ्यपणा म्हणत नाही.

पोटात सारखी जळजळ. संध्याकाळी डॉक्टरकडे. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, ऑफिसात कोणी नवीन आलंय का? काय संबंध? डॉक्टर बदलायला हवा.

१८ मार्च, मंगळवार. रात्री, अंथरुणातून
बाईंनी फेरीबोटीवर कवायत ठेवली. खऱ्या बोटीवर खरी माणसं बसवायची, भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट चढायला किती वेळ लागतो ते मोजायचं. निरीक्षक म्हणून मी जातीने गेलो. त्यांच्या चुका जागच्या जागी टिपायच्या म्हणून दोन पेनं घेतली होती.

चुका टिपता आल्या नाहीत, कारण मला बोट लागली. बोट अजून धक्क्याला बांधलेली होती.

भोंगा झाला. साठ माणसं उठली. कपाटाला कुलूप. सारंगाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाला, बाईंनी विचारलं, किल्ली? तो म्हणाला, धक्क्यावरच्या कार्यालयात, नियमात तसं लिहिलंय. एक खलाशी पळत गेला. कार्यालयातला कारकून जेवायला गेला होता. बाई हातात घड्याळ धरून उभ्या. मी कठड्याला धरून उभा. अकरा मिनिटं. शेवटी कपाट उघडलं. जॅकेटं नवी कोरी, वरचा प्लॅस्टिकचा कागदही निघालेला नाही. धूळ खरोखरच नव्हती. हे मी बाईंच्या नजरेला आणून देणार होतो, पण तोंड उघडणं धोक्याचं होतं.

बाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, सल्लागारसाहेब, लांब क्षितिजाकडे बघा, जवळ बघू नका. खिशातून आल्याचा तुकडा काढून दिला. बरं वाटलं. हे मी कुणाला सांगणार नाही.

१९ मार्च, बुधवार
आता लक्षात आलं. हा सगळा घाट मला उघडं पाडायला घातला होता. अहवालात माझं नाव येणार. 'कलम सात (ख) चे लेखक.' साठ साक्षीदार. मी उत्तर तयार करून ठेवलंय, नऊ पानांचं.

२१ मार्च, शुक्रवार
अहवाल आला. दीड पान. माझं नाव कुठेच नाही. फक्त एवढंच: 'सध्याचे कलम सात (ख) जीवघेणे आहे. बदलावे.'

दोनदा वाचलं. तळटिपा पाहिल्या. पान उलटून मागे पाहिलं. सोळा वर्षं देशभरातल्या प्रत्येक बोटीवर ज्याचं कलम लागू आहे, त्या माणसाचा साधा उल्लेख नाही! माणसाने निदान दोष तरी नावानिशी द्यावा.

२६ मार्च, बुधवार
मुलीने सहीसाठी शाळेचा कागद पुढे केला. शनिवारी सहल. दीपगृह पाहायला. फेरीबोटीने.

सही केली. मग पेन तसंच हातात राहिलं. अकरा मिनिटं. कारकून जेवायला.

दुपारी कायदा शाखेत स्वतः गेलो. म्हणालो, 'आसना'विषयीचं माझं पत्र परत घेतो, ड्राफ्ट लगेच पुढे जाऊ द्या. तिथले अधिकारी एकदम खुलले. म्हणाले, अहो, परत कसलं घेता, इतका मार्मिक प्रश्न आमच्याकडे वर्षानुवर्षांत आला नव्हता, आम्ही त्यावर उपसमिती नेमली आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पत्राची कुणी एवढी वाहवा केली. जिना उतरताना शनिवारपर्यंतचे दिवस मोजले. तीन.

बायकोला सांगितलं नाही. पण तिने विचारलं, ड्राफ्ट अडलाय कुठे? मी म्हणालो, प्रक्रियेत. तिने भाजीखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, तुमच्या प्रक्रियेला पोहता येतं का?

२९ मार्च, शनिवार
सकाळी मुलीच्या आधी धक्क्यावर पोचलो. ती मला पाहील म्हणून तिकीट-खिडकीमागून बोटीत शिरलो. सारंगाला ओळख दिली आणि म्हणालो, कपाटाचं कुलूप काढा. तो म्हणाला, लेखी द्या.

एकोणीस वर्षांत मी माझ्या एकट्याच्या सहीने कधी काही दिलं नाही. खाली संचालकांची सही असते, वर 'मान्यतेसाठी सादर' असतं. पण मुलं रांगेने येताना दिसत होती. खिशात शाळेच्या कागदाची झेरॉक्स होती. तिच्या पाठीमागे लिहिलं: 'कुलूप काढावे. जबाबदारी माझी.' सही केली. सही झोकदार आली. मोठ्या माणसांचं कसं असतं ते त्या क्षणी कळलं.

सारंगाने कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि कपाटाकडे नेलं. कुलूप नुसतं कडीत अडकवलेलं. आत रिकामं. जॅकेटं बाकांखाली रचलेली. म्हणाला, कॅप्टनबाईंनी कवायतीच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्या बोटींना सही करून दिलंय, तुमच्या कागदाची गरज नाही.

दुसऱ्याच दिवशी! मी ज्या दिवशी नऊ पानांचं उत्तर लिहीत होतो, त्या दिवशी. आणि एकही मीटिंग न घेता!

बोट सुटेपर्यंत एका खांबामागे उभा होतो. मुलगी हसत होती. जॅकेटमध्ये ती एकदम लहान दिसते. सुटकेचा निःश्वास टाकला. त्या श्वासात थोडा धूरही होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. जिवावर उदार होऊन सही करायची माझी जी एकमेव वेळ, ती बाईंनी दहा दिवस आधी वापरून टाकली.

३० मार्च, रविवार
मुलगी म्हणाली, बोटीवर आम्ही जॅकेट घालायची शर्यत लावली, सगळा वर्ग दीड मिनिटात तयार. मी म्हणालो, छान. ती म्हणाली, आणि बाबा, तुम्ही खांबामागे काय करत होतात?

१ एप्रिल, मंगळवार
मोठी बातमी. कुणा तपासनीसाने लेखी तक्रार केली: सर्व बोटींची कुलपं कलम सात (ख) चा भंग करून उघडी, तेही विशेष सल्लागारांच्या सहीने, ज्यांना तसा अधिकार नाही. शुक्रवारी सचिवांपुढे मीटिंग. संचालकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, करार बहुतेक रद्द होईल, तुम्ही फक्त कलम तुमच्या शब्दांत समजावून सांगा, मग तुमच्या खुर्चीची फाइल मी पुढे सरकवतो.

पांढरा शर्ट धुवायला टाकला. मंगळवार असूनही.

बाई आज खिडकीशी बसून शांतपणे पेन्सिलीला टोक करत होत्या. घाबरल्या नसतील का? मला राग आला. घाबरायला काय जातं?

३ एप्रिल, गुरुवार
भाषण तयार. सुरुवात: 'नियम हा नियम असतो.' आरशापुढे चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा म्हणताना दारात बायको उभी होती. शर्टाला बटण नव्हतं, ते लावून गेली.

४ एप्रिल, शुक्रवार
घडलं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

सचिवांनी बाईंना विचारलं, तुम्हाला अधिकार होता? बाई म्हणाल्या, नव्हता. मग का केलं? म्हणाल्या, अकरा मिनिटं मोजल्यावर मला झोप आली नाही. बस. एवढाच बचाव. मी असतो तर परिशिष्ट जोडलं असतं.

सचिव माझ्याकडे वळले. मी उठलो. भाषण हातात. पहिलं वाक्य डोळ्यांसमोर. आणि तोंडातून निघालं, साहेब, कलम सात (ख) मी लिहिलंय आणि ते चुकीचं आहे. माझी मुलगी शनिवारी त्या बोटीत होती. बाईंनी सही केली नसती तर मी केली असती. केलीही होती, पण उशिरा.

हे मी का बोललो? पूर्ण विचारांती माझं मत असं की ती एक चाल होती. सगळं श्रेय, म्हणजे दोष, एकट्या बाईंच्या पदरात जाऊ द्यायचा नव्हता. कलमाचा जनक कोण, हे एकदा तरी इतिवृत्तात यायला हवं होतं.

सचिव मवाळले. म्हणाले, स्वतःची चूक कबूल करणारा अधिकारी मी पहिल्यांदा पाहतोय, मूळ फाइल आणा, हे इतिवृत्तात नोंदवू. मी मान खाली घातली. त्या कोनात मी बरा दिसतो.

रेकॉर्डवाल्या बाई फाइल घेऊन आल्या. चष्मा लावून वाचू लागल्या. म्हणाल्या, हे कलम तर सरांच्या नोकरीच्याही आधीचं आहे. मालगोदामांच्या नियमांतून उचललंय. तिथे कापडाच्या गाठींसाठी होतं, 'गाठी' खोडून 'जॅकेटे' केलंय. कोणी केलं, त्याची नोंद नाही. सोळा वर्षांपूर्वी सरांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली. 'धूळ आणि अनधिकृत' याच्या जागी 'धूळ व अनधिकृत'.

आधी सचिव हसले. मग संचालक. मग तक्रार करणारा तपासनीससुद्धा. हसून झाल्यावर सचिव म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं आपण माणसं बुडू नयेत म्हणून कापडाच्या गाठी सांभाळतोय. आणि तिथल्या तिथे कॅप्टनबाईंच्या चार पानांवर सही केली. उपसमिती बरखास्त.

फक्त कॅप्टनबाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, तुम्ही उठलात, ते सोपं नव्हतं. मी म्हणालो, 'व' हा 'आणि'पेक्षा सुटसुटीत असतो. त्या म्हणाल्या, हो, बरोबर आहे.

कधी तरी त्यांनी माझा अपमान करावा. म्हणजे मला नीट रागावता येईल.

७ एप्रिल, सोमवार
मुख्य सल्लागारपदी कॅप्टनबाई. संचालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी उठून उभा राहिलो नाही. एवढं शिकलो.

घरी सांगितलं. वाटलं होतं, बायको वाईट वाटून घेईल. तिने जेवताना शेजारी खुर्ची ओढून घेतली, इतकंच. मुलीने शाळेत सांगितलंय म्हणे की आमच्या बाबांनी मीटिंगमध्ये खरं सांगितलं. मी म्हणालो, त्याचा पूर्ण तपशील सांगू नकोस.

संकल्प: नव्या नियमांची छपाई मी स्वतः तपासणार. तिसऱ्या पानावर आठवी ओळ उभ्या प्रवाशांबद्दल आहे. ती माझी. खात्री केली, फाइल बघून.

१५ एप्रिल, मंगळवार
बाई दोन दिवस बंदरांच्या पाहणीला बाहेर. त्यांचं सगळं काम माझ्याकडे. खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. उजेड खरंच चांगला आहे.

सव्वाअकराला फोन वाजला. दुसऱ्याच कुठल्या बंदरावरचा सारंग. म्हणाला, नवे नियम मिळाले, झकास आहेत, पण एक अडचण आहे. तीन वर्षांचं मूल जॅकेट घालू देत नाही, हातपाय झाडतं, पट्टा मांड्यांमधून घ्यायचा की कमरेलाच बांधायचा, आणि आधी आईला घालायचं की मुलाला? मी म्हणालो, माझ्या मसुद्यातले परिशिष्ट दोन पाहावे. तो म्हणाला, साहेब, पोर रडतंय, त्याला परिशिष्ट नेसवू का?

मी फाइल उघडली. बंद केली. शिपायाला विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. मग सारंगाने विचारलं, कॅप्टनबाई कधी भेटतील? मी म्हणालो, गुरुवारी, साडेदहानंतर. तो खूश झाला. म्हणाला, बरं झालं तुम्ही होतात, नाहीतर मी उगाच उद्या फोन केला असता. मनापासून आभार मानून त्याने फोन ठेवला.

एकोणीस वर्षांत समुद्रावरच्या माणसाला माझा सल्ला पहिल्यांदा उपयोगी पडला. सल्ला: गुरुवार.